बोलोर हजर आहे

मी एक जुना हजेरीचा डबा आहे. नाव तसं मोठं होतं, कागदावर काहीतरी लांबलचक छापलेलं, पण मला सगळे डबाच म्हणायचे. जपानच्या उत्तरेला, जिथे चार-चार महिने बर्फ हटत नाही, अशा एका गावातल्या विद्यापीठात मी कामाला होतो. तिसरा मजला, मोठा वर्ग, दाराच्या डाव्या बाजूला भिंतीवर. मित्रांनो, आता मी जिन्याखालच्या अडगळीत आहे, पण गोष्ट तिथून नाही सुरू होत.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने माझ्या पोटात तारा भरल्या, पाठीला चार स्क्रू मारले, कार्ड दाखवलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा 'टुण्ण' केलं. ती म्हणाली, चालतोय. एवढंच माझं बारसं.

काम सोपं. परदेशातून सहा महिने नाहीतर वर्षभरासाठी आलेली पोरं त्या वर्गात शिकायची. शंभर-सव्वाशे डोकी, वीस देशांची. प्रत्येकाने आत जाताना आपलं कार्ड माझ्या तोंडाला लावायचं. बरोबर असलं की मी टुण्ण करायचो. कार्ड वाकडं लागलं किंवा ओलं असलं की बुर्र. टुण्ण म्हणजे हजर. माझी तार थेट खालच्या मजल्यावर, निशिओकासानच्या टेबलापर्यंत जायची. निशिओकासान म्हणजे परदेशी पोरांचं कार्यालय सांभाळणारी बाई. रोज संध्याकाळी पाच वाजता ती चष्मा कपाळावरून नाकावर घ्यायची आणि माझी यादी वाचायची.

खोटं कशाला बोलू, मी एक नंबरचा खोडकर होतो. तास सुरू व्हायला अर्धं मिनिट उरलेलं असताना कोणी धापा टाकत जिना चढून आला, की मी मुद्दाम बुर्र करायचो. तो कार्ड पुसायचा. परत बुर्र. बाहीवर घासायचा, फुंकर मारायचा, माझ्यापुढे वाकून नमस्कार घालायचा. मग शेवटच्या क्षणी टुण्ण. मागची रांग खो-खो हसायची. मला भारी मजा यायची.

माझं एकदा कौतुकही झालं. आमच्याकडे नियम होता. एखादा सलग तीन दिवस आला नाही, तर त्याचं नाव यादीत लाल व्हायचं, आणि लाल नाव दिसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी निशिओकासान बूट चढवून त्या पोराच्या खोलीवर जायची. फोन नाही, चिठ्ठी नाही, स्वतः जायची. एका वर्षी कामिल नावाच्या पोलंडच्या पोराचं नाव लाल झालं. ती गेली, तर तो पोट धरून जमिनीवर पडलेला. अपेंडिक्स. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर अवघड होतं. परतल्यावर निशिओकासानने देवळातून एक ताईत आणला, लाल रेशमी पिशवीतला, आणि माझ्या कोपऱ्याला बांधला. म्हणाली, "याने पोरगा वाचवला." मी आठवडाभर कोणाला बुर्र केलं नाही.

पण पोरं हुशार. त्यांनी माझ्यावर उपाय काढला. मी कार्ड बघतो, तोंड नाही बघत. मग काय, एका हातात पाच-पाच कार्डं, पत्त्यांसारखी पंख्यात धरलेली. टुण्ण, टुण्ण, टुण्ण. चार जण अंथरुणात, पाचवा वर्गात. आधी हे शेजारच्या वर्गांतली जपानी पोरं त्यांच्या डब्यांवर करायची, मग आमच्या पाहुण्यांनीही उचललं. माझ्या डोक्यावर एक कागद चिकटवलेला होता. दुसऱ्याची हजेरी लावताना सापडलात तर दोघांचेही त्या सत्राचे सगळे विषय रद्द. त्या कागदाच्या खाली उभं राहूनच हे चालायचं. मी मनातल्या मनात हसायचो. मला वाटायचं, मी पण यांच्या टोळीतला.

त्या वर्षी बोलोर आली. मंगोलियाची पोरगी, गाल लाल, आवाज खणखणीत. कागदपत्रं अडकल्यामुळे बिचारी महिनाभर उशिरा पोचली. आता हिशेब बघा. प्रत्येक विषय आठवड्यातून एकदा. पाच गैरहजेऱ्या झाल्या की विषय गेला. आणि हिच्या प्रत्येक विषयात चार आधीच लागलेल्या, विमानात बसायच्याही आधी. म्हणजे पुढे एक दिवस जरी चुकला तर त्या दिवसाचा विषय खलास. विषय गेले की मंगोलियातलं तिचं विद्यापीठ हे वर्ष धरणार नव्हतं, आणि शिष्यवृत्तीही बंद होणार होती. निशिओकासानने तिला हे माझ्यासमोरच समजावलं. बोलोर म्हणाली, "मी आजारी पडत नाही. आमच्या घरात कोणी पडत नाही."

रोज सकाळी ती यायची, हातमोज्याने माझ्यावरचं दव पुसायची आणि म्हणायची, "ऊठ म्हाताऱ्या." मग कार्ड. सव्वाशे पोरांत मला पुसणारी ती एकटी. तिला मी कधीच बुर्र केलं नाही.

तिची मैत्रीण सेकार. इंडोनेशियाची, जोगजा शहरची. नाजूक, दोन स्वेटरवर कोट, त्यावर शाल, आणि तरी दात वाजायचे. बोलोर तिला छळायची.

"सेकार, तू आत आहेस ना गं? का नुसतेच कपडे आलेत?"

"हस तू. तुला थंडी वाजत नाही, तू माणूस नाहीस, मेंढी आहेस."

"मेंढी बरी. आमच्याकडे असल्या हवेत लोक अंगणात बसून चहा पितात."

शुक्रवारचा तास कुवाबारा सेन्सेईंचा. पांढऱ्या केसांचे, हळू बोलणारे गुरुजी. विषय जपानी समाज. वर्गाचं दार नीट लागायचं नाही, त्यामुळे सगळं मला ऐकू यायचं. जानेवारीतल्या एका शुक्रवारी ते सांगत होते की इथे माणूस लहानपणापासून एक गोष्ट शिकतो, आपला त्रास दुसऱ्याला होऊ द्यायचा नाही. बोलोर पहिल्या बाकावर बसायची आणि दर तासाला एक तरी प्रश्न विचारायची. तिने हात वर केला.

"सेन्सेई, मग एखाद्याला खरंच त्रास होत असेल, तर त्याने कोणाला त्रास द्यायचा?"

सगळा वर्ग हसला. सेन्सेईही हसले. म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. उत्तर पुढच्या शुक्रवारी देतो. विचार करून यावं लागेल मला."

सोमवारी बोलोरने मला पुसलं, पण 'ऊठ म्हाताऱ्या' म्हणताना तिला खोकला आला. संध्याकाळी जाताना तिने माझ्यासमोरच आपलं कार्ड सेकारच्या हातात ठेवलं. ताप चढला होता. म्हणाली, दोन दिवस लाव, गुरुवारी मी येतेच. सेकारने वर चिकटवलेल्या कागदाकडे बघितलं. बोलोर म्हणाली, "तिकडे काय बघतेस? एक दिवस चुकला तर माझं वर्ष जातंय. दोन टुण्ण, बास."

मंगळवारी सेकारने आधी आपलं कार्ड लावलं, मग बोलोरचं. मी टुण्ण केलं.

बुधवारी टुण्ण. संध्याकाळी सेकार बसने बोलोरच्या खोलीवर गेली, हे मला नंतर कळलं. खोली गावाबाहेर, एका जुन्या दुमजली इमारतीत, शेजारच्या दोन खोल्या रिकाम्या. इथे आजारी माणसाला कोणी उठवत नाही, आणायचं ते पिशवीत घालून दाराच्या मुठीला अडकवतात आणि येतात. सेकारही इथलंच शिकलेली. भाताची पेज, संत्री, औषध. फोनवर बोलोरचा निरोप आला. राहू दे तिथेच, नंतर घेते, कार्ड लाव. आतून खोकला ऐकू आला. सेकार परत आली.

गुरुवारी बोलोर आली नाही. फोनवर उत्तरही नाही. झोपली असेल, सेकारने स्वतःला सांगितलं. आणि मी टुण्ण केलं. मित्रांनो, इथे थांबून नीट ऐका. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन दिवस. ते तीन टुण्ण झाले नसते तर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता बोलोरचं नाव लाल झालं असतं, आणि शुक्रवारी सकाळी निशिओकासानने बूट चढवले असते.

शुक्रवार उजाडला. सेकार माझ्यासमोर आली, डोळे सुजलेले. आपलं कार्ड लावलं. दुसरं कार्ड हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली. मागचा पोरगा म्हणाला, "ताई, डब्याची पूजा चाललीय का?" तिने कार्ड लावलं. टुण्ण.

गंमत म्हणून मी लोकांना शेकडो वेळा बुर्र केलंय. त्या दिवशी मी बुर्र करू शकलो असतो. पण कार्ड कोरडं होतं, सरळ लागलं होतं, आणि ते बोलोरचं होतं. तिला मी कधी बुर्र केलंच नव्हतं.

कुवाबारा सेन्सेई तासाला आले ते खिशात घडी केलेला कागद घेऊन. उत्तर लिहून आणलं होतं. पहिल्या बाकाकडे बघितलं. शिकवताना दोनदा बघितलं. तास संपल्यावर त्यांनी माझ्याशेजारीच निशिओकासानला गाठलं.

"ती मंगोलियाची मुलगी आज दिसली नाही. बरी आहे ना?"

निशिओकासानने हातातल्या टॅबलेटवर माझी यादी उघडली. बोट फिरवलं. "बोलोरसान हजर आहे, सेन्सेई. आठवडाभर रोज हजर आहे."

"असं? मग मागे बसली असेल. माझीच नजर गेली आता." सेन्सेई हसले आणि कागद परत खिशात ठेवला.

दोन माणसं. एकाने स्वतःच्या डोळ्यांनी रिकामा बाक बघितला होता. आणि दोघांनी विश्वास ठेवला माझ्यावर.

शनिवार-रविवार असा बर्फ पडला की बस बंद. सोमवारी सेकारने परत कार्ड लावलं. आता सांगितलं तर दोघींचेही विषय रद्द, आणि बोलोर बरी होऊन आली की म्हणणार, दोन दिवस कळ काढवली नाही तुला? असं काहीतरी ती पुटपुटत होती. मी टुण्ण केलं.

मंगळवारी ती पहिल्या बसने आधी बोलोरकडे गेली आणि तिथून धावत विद्यापीठात आली. वर्गात अजून कोणी नव्हतं. हातात पिशवी होती, तीच, बुधवारी मुठीला अडकवलेली. आत संत्री दगडासारखी गोठलेली. सवयीने तिचा हात कार्डासाठी खिशात गेला आणि तिथेच राहिला. निशिओकासान किल्ल्या घेऊन जिना चढत होती.

"निशिओकासान, बोलोर आठवडाभर आलेली नाही. मी लावत होते तिचं कार्ड." आणि मग, "दार उघडत नाहीये ती."

निशिओकासानने किल्ल्या तिथेच खाली टाकल्या. त्या दिवशी तिने बूटही नीट चढवले नाहीत.

घरमालकाने दार उघडलं. खोली गरम ठेवायच्या शेगडीतलं रॉकेल संपलेलं होतं. बोलोर पांघरुणात होती, शेजारी वही, शुक्रवारच्या तासाची. न्यूमोनिया होता. डॉक्टरांनी सांगितलं की ती शनिवारी गेली.

म्हणजे शुक्रवारी ती होती. आणि सोमवारी, ती गेल्यावर दोन दिवसांनी, मी तिला हजर लावलं.

पोलीस आले, त्यांनी माझ्या यादीचा कागद काढून नेला. बोलोरची आई आली. ती माझ्यासमोर उभी राहिली, कोणीतरी तिला दुभाषी मिळवून दिला होता. तिने विचारलं की आठवडाभर रोज हजर लिहिलंय, म्हणजे माझी पोरगी शेवटपर्यंत वर्गात येत होती का. दुभाष्याने ते जपानीत सांगितलं. निशिओकासान खाली वाकली आणि खूप वेळ वर आलीच नाही.

सेकारचे सगळे विषय रद्द झाले. ती मार्चमध्ये परत गेली. जाण्याआधी एकदा आली होती. मला वाटलं मारेल. तिने स्वेटरच्या बाहीने माझ्यावरचं दव पुसलं, जसं बोलोर पुसायची तसं.

एक दिवस निशिओकासानने माझा ताईत सोडला. रागाने नाही. गाठ घट्ट बसली होती, ती नखांनी हळूहळू सोडवत होती. मग शिपायाने चार स्क्रू काढले.

आता त्या वर्गात कुवाबारा सेन्सेई कागदावरून नावं वाचतात. एक नाव, मग मान वर, तोंड दिसेपर्यंत थांबतात, मग पुढचं नाव. त्यात पंधरा मिनिटं जातात. पोरं कंटाळतात. वरून आवाज येतो, मला इथे जिन्याखाली ऐकू येतो. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी वर्गात कधी दिलं असेल तर मी ऐकलेलं नाही.

माझ्या अंगावर, इथे मोठं सामान फेकताना लावतात ती, कचऱ्याची चिठ्ठी चिकटवली आहे. पुढच्या गाडीने मी जाईन. त्याआधी एवढंच मागतो, मित्रांनो. तुमचा मित्र म्हणेल, "आज माझी हजेरी लाव." तो लाडाने म्हणेल, गळ्यात पडून म्हणेल. लावू नका. आणि नुसतं नाही म्हणून घरी जाऊ नका. पिशवी दाराला अडकवून परत फिरू नका. त्याचं दार वाजवा. नाही उघडलं तर जोरात वाजवा, शेजाऱ्यांची झोपमोड होऊ दे, तो वैतागू दे, तुम्हाला शिव्या देऊ दे.

मला फक्त टुण्ण करता येत होतं. दार वाजवायला मला हात नव्हते.