जायफळाचा दरवळ

चैत्र सरत आला होता. कुंभकोणमच्या पश्चिमेला सूर्य जुन्या तांब्याच्या पातेल्यासारखा कडेकडेनं काळवंडत उतरत होता. आणि गोपुरांच्या सावल्या, दीर्घ, मंद, निःशब्द, मोठ्या तळ्याच्या पायऱ्या उतरून पाण्याकडे निघाल्या होत्या. पाणी हिरवं होतं. सावली पोचेल तिथं ते काळं होत होतं. वारा पडला होता, पाखरं गप्प होती, आणि दिवसाचा प्रकाश अंग चोरून चालला होता.

तळ्याच्या काठानं दोघं चालत होती. शरयू पुढे, भालचंद्र मागे. दोघं सांगलीची. त्याचं चष्म्याचं दुकान, तिचं नीटनेटकं घर, आणि लग्नापासून पुढे ढकलत आणलेली ही दक्षिणेची सहल. तिच्या अंगावर गुलबक्षी साडी होती, आणि मान किंचित वर करून ती सबंध संध्याकाळ एकच गोष्ट शोधत होती. एक पेला कॉफी.

आता कॉफी शोधायला का लागते या गावात? हे गावच कॉफीचं. इथं पहाट उगवते ती भाजलेल्या बियांच्या धुरातून. दारोदारी, कोपऱ्याकोपऱ्यावर, पितळी पेल्यातून पितळी वाटीत आणि वाटीतून पुन्हा पेल्यात ती तपकिरी, तप्त, फेनधवल धार उंचावरून कोसळत असते. पाहुण्यानं फक्त हात पुढे करायचा.

पण शरयूला हवी होती ती वेगळी.

सकाळी गाडीतून उतरल्या उतरल्या ती फलाटावर थबकली होती. हातात पिशवी तशीच, डोळे अर्धोन्मीलित, आणि चेहऱ्यावर लांबून कुणी हाक मारल्याचा भाव. माणसं दोन्ही बाजूंनी वाहत होती आणि त्या वाहत्या गर्दीत ती एकटी स्थिर उभी होती.

"अहो," ती म्हणाली होती, "जायफळ घातलेली कॉफी. कुणीतरी करतंय बघा. अगदी आमच्या आईच्या हातची."

मग वास गेला. आला तसा गेला.

"शोधू की मग," भालचंद्र म्हणाला होता. "कॉफीच्या गावात येऊन कॉफी सापडत नाही म्हणजे काय."

आणि शोध सुरू झाला. देवळाच्या दारातली कॉफी दाट होती, कडवट होती, ओठांवर पांढरी मिशी उमटवणारी होती. भालचंद्रानं ती मिटक्या मारत संपवली. शरयूनं दोन घोट घेऊन पेला खाली ठेवला. "चांगली आहे हो. पण ती नव्हे." पानवाल्यांच्या आळीतली त्याहून सरस निघाली. तीही ती नव्हती. दुपारच्या रणरणत्या, श्वेतदग्ध उन्हात तिला मध्येच एकदा तो वास आला, तेव्हा दोघं जेवण टाकून एका गल्लीत शिरली; गल्लीच्या टोकाला नुसती बंद दारं होती, आणि एका दाराशी मरगळलेलं मांजर.

भालचंद्राला या शोधात काही मत नव्हतं, कारण त्याला नाक नव्हतं. म्हणजे होतं, चांगलं धारदार होतं, पण तरुणपणी तपकिरीनं त्याची वाट लावली होती. पुढे डबी सुटली. वास काही परत आले नाहीत. "माझं नाक चष्मा टेकण्यापुरतं," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि हसवायचा. घरात नाक एकच, शरयूचं. दूध करपतंय, गॅस राहिलाय, गटार तुंबलंय, हे सारं ती सांगायची आणि तो उठायचा. तिला वास आला म्हणजे वास होता. या विश्वासावर त्यांचा संसार निर्धास्त चालला होता.

आणि याच विश्वासाच्या पोटात एक गोष्ट दबा धरून बसली होती.

फाल्गुनातल्या एका दुपारी शरयूच्या हातातून साखरेचा डबा निसटला होता. फरशीभर शुभ्र कण विखुरले, आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यानं हाक मारली. पुन्हा मारली. ती तिथंच होती आणि तिथं नव्हती. मग एकाएकी परतली आणि म्हणाली, "साखर कुणी सांडली?"

डॉक्टर म्हातारे होते, सावध होते. त्यांनी गुडघ्यांवर हातोडी टिचकावली, डोळ्यांत उजेड पाडला, आणि शेवटी सहज विचारावं तसं विचारलं, "कधी असा वास येतो का, जो दुसऱ्या कुणालाच येत नाही?"

"डॉक्टर," शरयू हसून म्हणाली, "आमच्या घरात दुसरं नाकच नाही."

तिघंही हसली. डॉक्टरांचं हसू सगळ्यांत आधी थांबलं. "तसं कधी झालं तर दिवस घालवू नका," ते म्हणाले. "लगेच या. डोक्याचा फोटो काढावा लागेल. अशा दुखण्यात उशीर परवडत नाही." दोघांनी माना डोलावल्या. सहलीची तिकिटं काढलेली होती, आणि घरी जाऊन दोघं पिशव्या भरायला लागली.

आता सावलीनं तळ्याचा अर्धा भाग घेतला होता. काठावरच्या मंडपात एक बाई गजरे ओवत बसली होती. तिच्या शेजारी नुकताच लावलेला दिवा, वारा नसूनही, थरथरत होता.

शरयू थबकली.

तोच भाव. डोळे दूरस्थ, दृष्टी पाण्यावर आणि पाण्याच्या पलीकडे. डाव्या हाताची बोटं पदराचं टोक चुरत होती, चुरत होती. आणि ओठ हलत होते, हळूहळू, काहीतरी चाखल्यासारखे. तिच्यासमोर पेला नव्हता. तोंडात घोट नव्हता. तरी ओठ चाखत होते.

"शरयू?"

त्यानं पुन्हा हाक मारली तेव्हा तिनं मान वळवली.

"मी इथं आलेय आधी," ती म्हणाली. आवाज झोपेतून उठल्यासारखा होता. "ही पायरी, ती बाई, तो दिवा. सगळं एकदा होऊन गेलंय."

"तू सांगलीच्या खाली कधी उतरलीस गं? मागच्या जन्मी असशील आलेली."

तो हसला. तिनं हसून दाखवलं. चालता चालता त्यानं तिचा हात धरला. रस्त्यात हात धरायची त्यांची रीत नव्हती.

"या गल्लीत," शरयू म्हणाली. "नक्की इथंच."

गल्ली तांबटांची होती. दोन्ही अंगांना समया, घंटा, परातींची उतरंड. मावळतीचा शेवटचा ताम्रारुण उजेड प्रत्येक भांड्यात एकेकदा पेटत होता आणि विझत होता. गल्लीच्या टोकाला एक कॉफीचं दुकान होतं. बाहेर बाकडं, आत चूल, चुलीमागे पांढऱ्या मिशांचा एक माणूस. भालचंद्रानं शरयूला बाकड्यावर बसवलं आणि तो आत गेला.

माणसाचं नाव विश्वनाथन. तरुणपणी तो माटुंग्याच्या एका हॉटेलात होता, त्यामुळे त्याच्याकडे थोडं मराठी होतं, आणि ते वापरायला मिळाल्याचा आनंद त्याच्या मिशीभर पसरला.

"दोन कॉफी," भालचंद्र म्हणाला. "जायफळवाली. बाहेरपर्यंत वास सुटलाय म्हणे."

विश्वनाथनचा हात धारेवरच थांबला.

"जायफळ? कॉफीत?" तो मनापासून हसला. "ते तुमच्याकडे, साहेब. माटुंग्याला मी पाहिला. इथं कोण नाय टाकत. या गावात कॉफीत जायफळ टाकला तर लोक मला मारणार."

भालचंद्र गोंधळला. कॉफी म्हटली की जायफळ आलंच, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. ते सगळ्या जगाला ठाऊक नसेल हे कधी मनातच आलं नव्हतं. "कुणी मराठी माणूस राहतो का जवळपास? घरात करत असेल."

"नाय साहेब. सगळे तांबट. आमचेच."

"आत्ता वास येतोय का बघा. जायफळाचा. जरा बघा."

विश्वनाथननं पाहुण्याच्या समाधानासाठी नाक वर केलं, श्वास घेतला, मान हलवली. "कॉफीचा वास, लाकडाचा धूर. बस."

चुलीत एक लाकूड खचलं. ठिणग्या उडाल्या आणि राख झाल्या.

आणि भालचंद्राला सांगलीच्या दुपारी आठवल्या. पिवळ्या, सुस्त, पंख्याखालच्या दुपारी. "बर्व्यांकडे कॉफी चाललीय वाटतं, जायफळाची," शरयू म्हणायची; आणि पेपरातून डोकं न काढता तो म्हणायचा, "असेल की." हिवाळाभर म्हणायचा. शेजारचे बर्वे दिवाळीतच मुलाकडे गेले होते. तेव्हापासून दाराला कुलूप होतं. त्यांच्या तुळशीला रोज पाणी घालणारा तोच होता.

कुलूपबंद घरात कॉफी उकळत होती, आणि तो "असेल की" म्हणत होता. स्वतःच्या मेलेल्या नाकाचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा राग आला; आणि रागाच्याही तळाशी, काळं, अथांग, पायरी पायरीनं वर चढणारं भय होतं.

तो बाहेर आला तेव्हा दोन्ही हातांत पेले होते आणि दोन्ही पेल्यांवर फेस दाटला होता. शरयू बाकड्यावर बसलेली, मान वर, ओठ नुकतेच शांत झालेले. तिच्या चेहऱ्यावर अशी तृप्ती होती, जशी त्यानं तिच्या माहेराहून परतीच्या गाडीत पाहिली होती.

"आत्ता अगदी जवळ होता हो," ती म्हणाली. "हात लावावा इतका. आई पाठीशी उभी आहे असंच वाटलं. पण तुम्हाला सांगून काय उपयोग म्हणा."

भालचंद्रानं काही बोलायला नको होतं. पण तिला या अंधारत्या, परक्या, पितळी गल्लीत एकटं सोडणं त्याला जमेना.

"मलाही येतोय," तो म्हणाला.

शरयूचं हसू अर्ध्यावर थांबलं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. पेल्यांकडे पाहिलं, जे त्यानं अजून तिच्यापुढे केले नव्हते. दुकानातल्या विश्वनाथनकडे पाहिलं. तो त्यांच्याकडे जरा बावरून बघत होता. मग पुन्हा नवऱ्याकडे. तपकिरीची डबी तिनंच खिडकीतून फेकली होती. गुलाबाचा, रॉकेलचा, ओल्या मातीचा, कशाचाही वास या माणसाला तिच्या संसारात कधी आला नव्हता.

डॉक्टरांचा प्रश्न दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. यावेळी कुणी हसलं नाही.

"तुम्हाला येतोय," ती हळू म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं ते लपवले नाहीत.

शरयूनं त्याच्या हातातला एक पेला घेतला. बाकड्यावर थोडी सरकली, त्याला जागा केली. पदराचं चुरगळलेलं टोक मांडीवर पसरून हातानं सरळ केलं, पुन्हा केलं.

"परतीची गाडी आजची मिळेल का हो?"

"मिळवू."

"मग आधी ही प्या. गार होतेय."

दोघं शेजारी शेजारी बसली. समोरच्या समया एकेक करून आत नेल्या जात होत्या, घंटा आत जात होत्या, दारांच्या फळ्या लागत होत्या. भालचंद्रानं पेला ओठांशी न नेता नाकाशी नेला आणि श्वास ओढला. खोल, आणखी खोल, साऱ्या आयुष्याचा. काहीच आलं नाही. पेल्यावरचा फेस बुडबुड्या-बुडबुड्यानं विरत गेला. गल्लीच्या तोंडाशी तळ्याचा जो एक तुकडा दिसत होता, त्याचं पाणी काळं झालं. आणि शेवटच्या पायरीवर सावली चढून बसली.