दोनशे इंचांचा बिशप

आर्लिसने फोन नवऱ्याच्या नाकासमोर धरला. "बघ, डेनीने मोठा मारलाय म्हणे."

व्हर्लिनने कपाळावरचा चष्मा खाली घेतला. फोटोत त्याचा मेहुणा डेनी पडलेल्या हरणामागे गुडघे टेकून बसला होता. शिंगांचे बुंधे हातमोज्यांच्या मुठीत आणि दोन्ही हात कोपरात जराही न वाकवता थेट कॅमेऱ्याकडे ताणलेले. खाली लिहिलं होतं, 'शिंगं दोनशे इंच. देवाची कृपा.'

हात ताणायची ही युक्ती आयोवात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शिंगं कॅमेऱ्याच्या तोंडात कोंबायची, आपण मागे सरकायचं, की साधं हरीण बैलाएवढं दिसतं. एरवी व्हर्लिन पोट धरून हसला असता. पण त्याची नजर 'दोनशे' या आकड्यावर खिळली होती. या ओढ्याकाठी दोनशे इंच शिंगांचे नर असे किती असणार?

"हा बिशप आहे," तो म्हणाला.

"तुझा बिशप?"

"माझा बिशप."

आता रानातलं हरीण कुणाच्या बापाचं नसतं, हे व्हर्लिनलाही कळत होतं. पण चार वर्षं तो या एका नराच्या मागे होता. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात तो अधूनमधून यायचा, पहाटेच्या धुक्यात, अर्धा झुडपात. मका कापलेल्या शेतातून अशा ऐटीत चालायचा की चर्चमध्ये मोठे धर्मगुरू आल्यासारखं सगळ्यांनी उठून उभं राहावं. म्हणून नाव बिशप. दोन वर्षांपूर्वी हिवाळा सरताना त्याची गळून पडलेली दोन्ही शिंगं व्हर्लिनला कुंपणाच्या झाडीत सापडली, आणि त्याने आर्लिसची शिवणकामाची टेप घेऊन ती स्वयंपाकघराच्या टेबलावर मोजली.

शिंगं मोजायची म्हणजे प्रत्येक फाट्याची लांबी, बुंध्यांचा घेर आणि दोन शिंगांच्या मधलं अंतर, सगळ्याची बेरीज. पण गळलेल्या शिंगांमधलं अंतर कोण सांगणार? डोकं तर हरणाबरोबर चालतं झालेलं असतं. तिथे अंदाज करावा लागतो आणि अंदाज करताना माणूस फार उदार होतो. व्हर्लिनही झाला. शिंगावरच्या पुटकुळीलाही त्याने फाटा म्हणून मोजलं. त्यावर पुढच्या दोन वर्षांची वाढ धरली. मग पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलावर तो म्हणाला, "दोनशेच्या घरात असेल." पुढल्या मोसमात त्यातलं 'घरात' गळालं आणि नुसते दोनशे उरले. शिकाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर त्याने धुक्यातला फोटो टाकला, तेव्हा दूरदूरच्या राज्यांतली अनोळखी माणसं बिशपची ख्यालीखुशाली विचारायला लागली. आयुष्यभर मका आणि सोयाबीन पेरलेल्या माणसाला एवढा मान कधी मिळाला नव्हता. त्याला तो आवडला, यात नवल नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुंपणाकडे गेला. आर्लिसच्या वडिलांनी जमीन दोघा भावंडांत वाटून दिली होती. ओढ्याच्या अलीकडे आर्लिस, पलीकडे डेनी, मध्ये काटेरी तार. तारेच्या अलीकडे, म्हणजे व्हर्लिनच्या बाजूला, पाचोळ्यावर रक्त वाळलेलं होतं. तिथून जड काहीतरी ओढत नेल्याची वाट थेट तारेपर्यंत गेली होती आणि खालच्या तारेला पांढरे केस चिकटले होते.

व्हर्लिनच्या मनात पाल चुकचुकली.

बाण लागलेलं जनावर जागच्या जागी पडत नाही, पळतं, कधी शेजाऱ्याच्या रानात जाऊन मरतं. हत्यार मागे ठेवून ते आणायला जायला कायद्याची आडकाठी नाही. पण इथली रीत कायद्याहून कडक. आधी फोन करायचा. "माझं जनावर तुझ्याकडे पडलंय," म्हणायचं. मग शेजारी जेवत्या ताटावरून उठतो, बॅटरी घेऊन येतो आणि ओढायला हात लावतो. डेनीने ही रीत कधी मोडली नव्हती. एकदा तर भर पावसात एका हरिणीसाठी त्याने व्हर्लिनला बिछान्यातून उठवलं होतं. आणि या वेळी, आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या नरासाठी, फोन नाही?

संशय एकदा आत शिरला की जुन्या गोष्टीही नव्याने दिसायला लागतात. गेल्या रविवारी जेवताना डेनीने विचारलं होतं, "बिशप हल्ली कुठून उतरतो रे?" तेव्हा व्हर्लिनने बटाट्यांचं भांडं त्याच्याकडे सरकवत सगळं सांगून टाकलं होतं. आता त्याला वाटलं, साला माझ्याच टेबलावर बसून, माझंच खाऊन, माझ्याच रानाचा नकाशा घेऊन गेला.

कॉफीच्या टेबलावर ऑर्व्हिल वाटच बघत होता. निवृत्त ट्रकवाला, दिवसभर तिथेच ठाण मांडून बसायचा.

"काय रे व्हर्न, तुझा बिशप तुझ्या मेहुण्याच्या भिंतीवर चाललाय म्हणे?"

"ओढून नेल्याची खूण माझ्या बाजूला आहे," व्हर्लिन म्हणाला.

"आणि फोन?"

"नाही केला."

ऑर्व्हिलने कप खाली ठेवला. "मग झालं तर. मी काही बोलत नाही. पण झालं तर."

तिथेच बसून व्हर्लिनने ग्रुपवर डेनीच्या फोटोखाली एक ओळ टाकली, 'कुंपणाच्या कुठल्या बाजूला मारलास, तेही लिही.' बस, एवढंच. पुढचं काम जगाने केलं. दुपारपर्यंत डेनीने गाडीतून दिव्याचा झोत मारून रात्री बेकायदा हरीण टिपल्याचं 'समजलं'. संध्याकाळी हरीण दोनशे तीस इंचांचं झालं. कुणीतरी शपथेवर सांगितलं की हा फोटोच जुना आहे, कॅन्सास राज्यातला. त्याच माणसाने थोड्या वेळाने लिहिलं की चोराला जन्मभर परवाना मिळता कामा नये. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील, हे विचारायची कुणालाच गरज वाटली नाही.

"तो माझा भाऊ आहे, व्हर्न," आर्लिस भांडी आदळत म्हणाली. "जाऊन विचार की सरळ त्याला."

"विचारून काय, खोटंच सांगणार तो."

"पण विचारलंस का?"

व्हर्लिनने विचारलं नव्हतं. त्याने शिकार खात्याला फोन केला होता.

खात्याची अधिकारी, ज्यूडिथ ओल्डहम, दोन दिवसांनी आली. तोवर बर्फमिश्रित पाऊस पडून रानातल्या खुणा पार धुऊन गेल्या होत्या. डेनीच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये बाकावर ते डोकं ठेवलेलं होतं. व्हर्लिन होता आणि 'सहज चाललो होतो' म्हणत ऑर्व्हिलही येऊन दाराला टेकला होता. डेनीने कुणाकडे पाहिलं नाही.

"मी माझ्या मचाणावरून मारला," तो म्हणाला. "तिकडे पळत जाऊन पडला. धनुष्य इकडे ठेवूनच गेलो होतो."

ओल्डहमबाईंनी पोलादी टेप काढली आणि एकेक माप मोठ्याने बोलत मोजायला सुरुवात केली. व्हर्लिन मनात बेरीज करत होता. बेरीज काही केल्या चढेना. शेवटी बाईंनी टेप मिटली.

"एकशे सत्तेचाळीस."

ऑर्व्हिलने शीळ घातली. डेनीची मान लाल झाली. "बढाई मारली," तो म्हणाला. "चुकलं. हसा काय हसायचं ते."

व्हर्लिनला हसूच यायला लागलं होतं, सुटकेचं. म्हणजे हा बिशप नव्हे! बिशप अजून रानात आहे! त्याने जवळ जाऊन त्या डोक्याला हलकेच थोपटलं, आणि त्याची बोटं डाव्या बुंध्यामागे थांबली. तिथे करंगळीएवढा एक आखूड फाटा उलट मागे वळला होता, समोरून कधी न दिसणारा. शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, पण घडण तीच राहते. टेबलावर मोजलेल्या त्या शिंगालाही अगदी तिथेच तो होता. हजार वेळा त्यावरून बोट फिरवलं होतं त्याने.

"तर मग," ओल्डहमबाई म्हणाल्या, "तुम्ही ज्याची तक्रार केलीत तो नर हाच का? हाच असेल तर मला पुढे चौकशी करावी लागेल. नसेल तर विषय संपला."

शेडमध्ये पत्र्यावरून पाणी गळत होतं. ऑर्व्हिल कान टवकारून उभा. हो म्हणावं तर चार वर्षांचे दोनशे इंच याच बाकावर एकशे सत्तेचाळीस होऊन पडत होते. आणि नाही म्हटलं तर, व्हर्लिनने स्वतःची घाईघाईने समजूत घातली, डेनीही सुटतोच की.

"नाही," तो म्हणाला. "हा माझा नव्हे."

बाई गेल्या. ऑर्व्हिल तर त्यांच्याही आधी गेला, एवढी बातमी पोटात ठेवणं त्याला जड होतं. व्हर्लिनही निघाला होता, पण दारात वळला.

"फोन का नाही केलास, डेनी?"

डेनी कापडाने बाक पुसत राहिला. "केला असता तर तू बॅटरी घेऊन धावत आला असतास."

"मग? आलोच असतो!"

"आणि बघितला असतास." डेनीने आता मान वर केली. "बिशप आहे तो, व्हर्न. तुलाही आत्ता कळलंय, मी बघितलं. म्हातारा झाला होता रे, दात पार झिजलेले. जवळ गेलो आणि मटकन खालीच बसलो. म्हटलं, हा एवढासा बघून या माणसाचं काय होईल? ग्रुपवर एकशे सत्तेचाळीस टाकले असते तर सगळ्यांनी तुझी टर उडवली असती. म्हणून तू म्हणायचास तोच आकडा टाकला आणि हात ताणून फोटो काढला. म्हटलं, दोनशेचाच गेला असं होऊ दे. मला वाटलं, निदान तू तरी येऊन विचारशील."

व्हर्लिनला लाज वाटली, इतकी की अंगातला कोट जड झाला. "मी... मी सांगतो सगळ्यांना," तो कसाबसा म्हणाला.

"सांग," डेनी म्हणाला आणि पुन्हा बाक पुसायला लागला.

घरी येईपर्यंत ऑर्व्हिलची बातमी ग्रुपवर पसरली होती. व्हर्लिनने स्वतः कबूल केलं म्हणे की ते डोकं बिशपचं नाही. मग फोटोतला दोनशेचा नर गेला कुठे? सरळ आहे. डेनीने खरं डोकं लपवलं आणि बाईंना दुसरंच काढून दाखवलं. नाही तर मोठ्या नराचं माप एवढं उतरेल कसं? दूरदूरच्या अनोळखी माणसांनीसुद्धा हे मान्य केलं होतं. आर्लिस फोन हातात घेऊन दारातच उभी होती. "थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला येत नाही म्हणाला डेनी," ती म्हणाली. "काय केलंस तू तिथे?"

त्याने तिला सगळं सांगितलं. मग उभ्या उभ्याच लिहिलं, 'तो बिशपच होता. दोनशे मी फुगवून सांगत होतो. डेनीने स्वतःच्या जमिनीवरून मारला. चूक माझी.' लिहिताना त्याचे कान तापले होते. पण पाठवल्यावर जरा बरं वाटलं.

उत्तरं यायला लागली. 'वा, चांगली शक्कल! रानात शिकाऱ्यांची गर्दी होऊ नये म्हणून ना?' 'बिशप जिवंत आहे, समजलो.' 'काळजी करू नका काका, तुमच्या रानात कुणी येणार नाही.' फोटो कॅन्सासमधला म्हणणाऱ्याने लिहिलं होतं की घरच्यांचा दबाव आला की माणूस असंच लिहितो.

सकाळी तो ती दोन्ही शिंगं आणि टेप घेऊन पेट्रोल पंपावर गेला. डेनी एरवी बसायचा ती खुर्ची रिकामी होती. कपबशा बाजूला सारून त्याने शिंगं टेबलावर मांडली. या वेळी काटेकोर मोजली, पुटकुळ्या सोडून. मागे वळलेला तो आखूड फाटा सगळ्यांना हात लावून बघायला लावला. "डेनीच्या शेडमध्ये जा," तो म्हणाला, "त्या डोक्यावर हाच फाटा आहे. खोटा मी होतो. तो चोर नाही. त्याने फोन केला नाही तोसुद्धा माझ्यासाठी."

कुणी हसलं नाही, कुणी टर उडवली नाही. सगळे नुसते मान हलवत होते, प्रेमाने, दुखवट्याला आल्यासारखे. व्हर्लिन ऑर्व्हिलकडे वळला.

"ऑर्व्हिल, तू तरी. तू होतास तिथे. तू सांग यांना."

ऑर्व्हिल उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने व्हर्लिनच्या खांद्यावर हात ठेवला.

"बायकोचा भाऊ आहे, वाचवायलाच पाहिजे. मीही हेच केलं असतं." मग त्याने वाकून कानाशी तोंड आणलं. "पण मला एकट्याला सांग. दोनशे तीस होता ना?"