सहा मिलिमीटर

सुताराची बायको आतड्याच्या दुखण्यातून उठली, तेव्हा तिची नुसती हाडं आणि कातडं उरलं होतं. दोन घास खाल्ले की ताट बाजूला सारायची. सुताराने विनवण्या करून पाहिल्या, रागावून पाहिलं, शेवटी हात टेकले.

दवाखान्यातल्या सिस्टरनी तिला काट्यावर उभं केलं, भिंतीला टेकवून उंची घेतली आणि म्हणाल्या, "काका, पंधरा आलाय. निदान साडेअठरा तरी हवा."

"पंधरा काय? किलो?"

"नाही हो, बीएमआय. वजन अडतीस किलो चारशे ग्रॅम, उंची एक मीटर साठ सेंटीमीटर. उंचीला उंचीनेच गुणायचं, दोन पूर्णांक छप्पन्न येतात. वजनाला त्याने भागायचं. एवढ्या एका आकड्यावरून सगळं कळत नाही, पण काकूंनी खायला हवं, हे नक्की कळतं."

सुतार घरी आला, पण डोक्यातला भुंगा काही जाईना. उंचीला उंचीने गुणलं की चौरस होतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण माणसाचा चौरस?

दुपारी त्याने घरामागच्या कारखान्यातला भुसा झाडला आणि फरशीवर खडूने चौरस आखला, प्रत्येक बाजू बायकोच्या उंचीएवढी. दर चौरस मीटरला पंधरा किलो. तो बघत राहिला आणि एकदम ताठ झाला. त्याच्या रोजच्या लाकडाची पंचवीस मिलिमीटरची फळी नेमकी एवढीच भरायची!

"अगं, ये जरा इकडे!"

दाराला धरून ती आली. "आता काय सांडलंत?"

"हा चौरस म्हणजे तू. अख्खी तू यात सारखी पसरलीस, तर पंचवीस मिलिमीटर जाडीची फळी होईल."

"घ्या! सुताराशी संसार करून शेवटी मी फळी झाले."

तो हसला नाही. एवढ्याशा जाडीत हिचा करारी आवाज, दोन बाळंतपणं, पाच महिने सोसलेलं दुखणं, सगळं मावलं कसं? जन्मभर लाकूड मोजलं, पण असं माप त्याच्या हाताखालून कधी गेलं नव्हतं.

"आणि हवं किती?" तिने विचारलं.

"एकतीस. साडेअठरा किलोला फळी तेवढी जाड लागते."

"म्हणजे सहाच मिलिमीटर?" तिने अंगठा आणि बोट यांच्यात तेवढी फट धरून पाहिली. "मला वाटलं, डोंगर चढायचाय. चला, वाढा मला."

त्या दिवशी तिने चार घास जास्त खाल्ले, दुसऱ्या दिवशी पाच. मधे एकदा ताप येऊन वजन घसरलं, तेव्हा दोघंही धास्तावले. पण ती हटली नाही.

सहाव्या महिन्यात काटा सत्तेचाळीस किलो सहाशे ग्रॅमवर थांबला. सिस्टरनी बटणं दाबायच्या आत सुताराने भागाकार केला होता. "अठरा पूर्णांक सहा," तो हळूच म्हणाला, मोठ्याने बोललं तर आकडा उडून जाईल अशा भीतीने.

परतताना ती झपाझप पुढे निघाली. "अहो, चला ना लवकर!" तिने हाक मारली. तो मात्र मागेच रेंगाळत होता, तिची चाल डोळे भरून बघत.