कुंदाबाईच्या मानेवरची चामखीळ

मी बोलतेय, शिंदखेड्याच्या कुंदाबाईच्या मानेवरची चामखीळ. नाक मुरडलंत ना? मुरडा. मला त्याचं काही वाटत नाही.

माझा जन्म साधाच. काळ्या मण्यांची पोत रात्रंदिवस मानेवर घासायची, त्यात आमच्याकडचा उन्हाळा आणि घाम. कातडीतून मी तांदळाएवढी लोंबले, पुढे तुरीच्या दाण्याएवढी झाले. ना दुखणं, ना खुपणं.

ज्याच्या नावाची ती पोत, तो कौतिक सुरतेला कापडगिरणीत गेला तो गेलाच. ना माणूस आला, ना निरोप. त्याची आई द्रौपदाबाई रोज दाराशी वाट बघत बसते. कुंदाबाई रडत नाही, हसतही नाही, भाकरी थापते. इतकी जवळ राहून मला तिचं मन कळलं नाही.

एकदा पोतीत अडकून माझ्यातून रक्त आलं. सासूनं वना टांगेवाल्याच्या घोडीच्या शेपटीचा केस आणून मला करकचून बांधलं. म्हणाली, "आपेआप गळी पडी." आजार म्हशीला आणि औषध पखालीला! मी काळी पडले, मान सुजली आणि पोत घासतच राहिली.

शेवटी धुळ्याचे डॉक्टर. "साधी चामखीळ आहे, कॅन्सर नाही. घासून होते, अंगात साखर असली तरी होते, तीही तपासू. जागा बधिर करून काढतो. पण जखम भरेपर्यंत पोत घालायची नाही."

"मना पोऱ्या जित्ता शे!" द्रौपदाबाई ताडकन उठली. "पोत उतारानी नही."

"तो जित्ता शे, हाई तुमले कोनी सांगं, माय?"

कुंदाबाईच्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. तिनं स्वतःच पोत काढून सासूच्या हातात ठेवली.

पोतीनं सोलवटलेल्या जागेवर डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला. "झोंबतंय?"

"नही."

"अहो, इंजेक्शन अजून दिलंच नाही मी," डॉक्टर म्हणाले.

तेव्हा मात्र मला वाईट वाटलं. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

आता मी चिनीमातीच्या वाडग्यात पडलेय, थोड्या वेळात केरात जाईन. बायांनो, माझ्या भावंडांना केस बांधू नका, ब्लेड लावू नका, डॉक्टरला दाखवा. आणि एवढं ऐका. जखम भरली की द्रौपदाबाई पोत घेऊन पुढे येईल. तेव्हा कुंदाबाईला कोणी काही सांगू नका. मान तिची आहे.