हवा आहे: डेटा सेंटरसाठी इंजिनियर

२०१६ साली सिंगापुरात कोणाला नोकरी मिळत होती, हे मला झोपेतून उठवून विचारा. डेटा सायंटिस्ट, सायबर सिक्युरिटीवाले, नर्स, बालवाडीच्या शिक्षिका, लिफ्ट दुरुस्त करणारे. आणि कोणाला मिळत नव्हती? जहाजांवरच्या माणसांना. तेलाचे भाव कोसळले होते आणि तेल कंपन्यांची जहाजं नुसती नांगर टाकून उभी होती. मी जुरोंग ईस्टला एका भरती करणाऱ्या कंपनीत काम करते. दिवसाला दोनशे अर्ज हाताखालून जातात, तेव्हा या शहराला कोण हवं ते मलाच कळतं, असा माझा तोरा होता. होता म्हणतेय, लक्षात घ्या.

त्या ऑगस्टमध्ये माझ्या रत्नाताईच्या नवऱ्याची नोकरी गेली. शामकांत भाऊजी. आधी जहाजावर चीफ इंजिनियर, मग सहा वर्षं इथल्या एका कंपनीत तिच्या जहाजांची देखभाल बघायचे. वय एक्कावन्न. इथे परदेशी माणसाचा राहण्याचा पास नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की तीस दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बायको-मुलीसकट गाशा गुंडाळायचा. मधुराची, म्हणजे माझ्या भाचीची, ओ लेव्हलची, आपल्या दहावीसारखी परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. "परीक्षेपुरती माझ्याकडे राहा," असं मी म्हटलं, तर इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "नो ला मावशी, बाबा गेले तर मी पण जाणार." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. ताईच्या तर तोंडचं पाणीच पळालं होतं.

मी दुसऱ्याच दिवशी बुकित बातोकला त्यांच्या फ्लॅटवर धडकले. भाऊजींचा सीव्ही बघितला आणि कपाळावर हात मारला. प्रत्येक वाक्यात 'आम्ही'. आम्ही इंजिन उघडलं, आम्ही जहाज वेळेत बंदरात आणलं.

"भाऊजी, तुम्ही काय केलंत ते लिहा की!"

"अगं उल्का, जहाजावर एकट्याने काय होतं?"

आता या माणसाला काय सांगायचं! मी अख्खा सीव्ही नव्याने लिहिला, आणि त्यांना डेटा अ‍ॅनालिटिक्सच्या वर्गात नेऊन बसवलं. शहराला डेटावाले हवेत ना, मग व्हा डेटावाले. ते बिचारे रोज सकाळी पोळीभाजीचा डबा घेऊन जायचे, पंचवीस वर्षांच्या पोरांमध्ये बसायचे आणि सगळं सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घ्यायचे. कळत काडीचं नव्हतं. पण एका शब्दाने कुरकुर नाही, की माझ्यावर चिडणं नाही. खरं सांगते, मला त्या गप्प बसण्याचाच राग यायचा. लढायचं सोडून दिलंय या माणसाने, असं वाटायचं.

आणि माझ्याच टेबलावर चार महिने एक जागा रिकामी पडली होती. एका मोठ्या डेटा सेंटरला, म्हणजे हजारो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालणाऱ्या इमारतीला, देखभालीसाठी वरिष्ठ इंजिनियर हवा होता. तिथले प्रमुख मिस्टर गोह. महा खडूस माणूस. मी पाठवलेले नऊ जण त्याने एकामागून एक परत पाठवले होते. त्या जागेचे अर्ज मी कसे निवडायची तेही सांगते. कॉम्प्युटरला सांगायचं, ज्या अर्जात 'डेटा सेंटर' हे शब्द नाहीत तो बाद. एक बटण दाबलं की पन्नास-पन्नास जणांना नकाराची मेल जायची, खाली माझी सही. नावं कोण बघत बसतंय!

तीसपैकी सोळाव्या दिवशी मी ताईकडे जेवायला गेले होते. आमटीभात कालवता कालवता गोहच्या नावाने शंख सुरू होता माझा. "याला काय काय हवंय ऐका! जनरेटर सांभाळणारा, पाणी थंड करणारी यंत्रं सांभाळणारा, रात्रंदिवस पाळ्या लावणारा, आणि वीज एक सेकंदही जाऊ न देणारा!"

भाऊजी हळूच म्हणाले, "मी बघू का?"

"तुम्ही? भाऊजी, डेटा सेंटरचा अनुभव लागतो हो तिथे!" मी फाडकन म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि ताक ओतून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गोहचा फोन आला. उद्यापर्यंत कोणी पाठवलं नाही तर तुमच्या एजन्सीशी व्यवहार बंद. माझ्याकडे कोणी म्हणजे कोणी नव्हतं. झक मारत भाऊजींना फोन केला. गोहला आधीच सांगून टाकलं की हे माझ्या बहिणीचे यजमान आहेत. तो म्हणाला, तुझे आजोबा असले तरी चालतील, मशीन कळतं का ते सांग.

अठराव्या दिवशी मी स्वतः त्यांना घेऊन गेले. जाताना टॅक्सीत पढवत होते, "सगळ्यात मोठी चूक कोणती, असं हा विचारतोच. तेव्हा म्हणायचं, मी कामात फार बारकाईने लक्ष घालतो, तोच माझा दोष." मी सगळ्यांना हेच शिकवायची.

गोहने नेमकं तेच विचारलं.

भाऊजी म्हणाले, "दोन हजार नऊ. समुद्रातल्या तेल काढायच्या फलाटाजवळ होतो. मी इंधनाचा फिल्टर बदलताना चुकीचा व्हॉल्व्ह बंद केला. दोन्ही जनरेटर बंद पडले. अकरा मिनिटं सगळं जहाज अंधारात, फलाटाच्या दिशेने वाहत होतं. बेचाळीस माणसं होती जहाजावर."

'आम्ही, आम्ही' करणारा हा माणूस कामाबद्दल बोलताना पहिल्यांदा 'मी' म्हणाला, आणि तो इथे! संपलं सगळं, मला वाटलं. टेबलाखालून त्यांचा पाय तुडवावा इतकी चिडले होते मी.

गोह पुढे वाकला. "कोणी पकडलं?"

"कोणीच नाही. खराब इंधनावर ढकलता आलं असतं. मी लॉगबुकात माझ्या नावाने लिहिलं. माझं प्रमोशन वर्षभर लांबलं. पण जहाजावर असंच असतं, सर. आपण उतरताना पुढच्या माणसाच्या हातात सगळं देऊन जायचं, आपल्या चुकांसकट. नाहीतर त्याच चुकीत तो मरायचा."

गोह उठला आणि त्यांना जनरेटर बघायला घेऊन गेला. काचेतून मला दिसत होतं. भाऊजी एकेका पाइपाला हाताची मागची बाजू लावत चालले होते, वाकून खाली बघत होते, आणि तो खडूस गोह शाळेतल्या मुलासारखा मागे मागे. माझे डोळे भरून आले. सहा वर्षं मी या माणसाला ताईच्या घरात फक्त भाजी चिरताना आणि झाडांना पाणी घालताना बघितलं होतं. कामात ते काय चीज आहेत, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

संध्याकाळी गोहचा फोन आला. "घेतला. पासचा अर्ज उद्याच टाकतो. पण उल्का, असली माणसं तू चार महिने कुठे लपवून ठेवली होतीस? मला अजून तिघं हवेत."

माझा जीव भांड्यात पडला. ताईला फोन केला, दोघी रडलो. मग ऑफिसातच बसून बाद केलेल्या अर्जांची यादी उघडली. कितीतरी जहाजांवरचे इंजिनियर निघाले. त्रेचाळीस! मोजता मोजता एका नावावर थांबले. शामकांत सुर्वे. नोकरी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी केलेला अर्ज. पाचव्या दिवशी नकार, आणि खाली माझी सही.

तशीच उठले आणि बुकित बातोकला गेले. दारातच म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला माझी नकाराची मेल आली होती?"

"आली होती की. चांगली लिहिली होतीस. पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा वगैरे."

"अहो, मग बोलला का नाहीत? अर्ज करताना तरी सांगायचं! मी तुम्हाला डेटाच्या वर्गात बसवलं, परवा जेवताना तोंडावर नाही म्हणाले…"

"वशिला नको वाटला गं. आणि तू आमच्यासाठी एवढी धावत होतीस. सांगितलं असतं तर तुला लागलं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिडावं की पाया पडावं तेच कळेना. त्यांनी माझ्या हातातली यादी घेतली, चष्मा लावला आणि एकेका नावावरून बोट फिरवत गेले. एका ठिकाणी बोट थांबलं.

"हा निशिकांत. तीन वर्षं माझ्या हाताखाली होता. माझ्यापेक्षा सरस आहे. याची नोकरी कधी गेली?"

मी तारीख बघितली. बोटांवर दिवस मोजले.

"किती उरलेत त्याचे?"

"दोन," मी म्हटलं.

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस? लाव फोन."

मी नंबर फिरवला.