टेकडीची पाटी
फोटोग्राफर चौकट करून घ्यायला आले तेव्हा गळ्यात दोन कॅमेरे होते. चौकटीच्या दुकानात टिपण्यासारखं काय असतं, देव जाणे. टेकडीचा फोटो त्यांनी टेबलावर असा ठेवला, की मी माझ्या लेकीलासुद्धा इतक्या अलगद निजवत नाही.

"दोन काळ, एकावर एक," ते म्हणाले. खाली चाळीस वर्षांपूर्वीची उजाड टेकडी आणि कुदळी घेतलेल्या बायका. वर आजचं जंगल, धुक्यासारखं आरपार दिसणारं. "तीन महिने खपलो. दगडावर दगड जुळवलाय."

फोटो नगर सभागृहात कायमचा लागणार होता. सोबत पितळी पाटी: 'माणसाने ओरबाडलं, निसर्गाने माफ केलं.' ती मी चौकटीला बसवली, तोच सासूबाई माझ्या लेकीला घेऊन आल्या. अकरा म्हणजे तिची प्यायची वेळ; मी तिला पदराखाली घेतलं.

फोटो बघून त्या थबकल्या. "ही मी. आणि त्या झोळीत तुझा नवरा."

"वा! म्हणजे आजी, दगड फोडायला होता तुम्ही?" फोटोग्राफर म्हणाले.

"खड्डे खणत होतो, झाडांसाठी. मग तीन वर्षं डोक्यावरून पाणी वाहिलं."

"जंगल आपोआप येतं हो, आजी. निसर्ग स्वतःच..."

"आणि रांगेत उभा राहिला? कवायत कोणी शिकवली त्याला?"

सासूबाईंनी काचेवर बोट ठेवलं. खड्डा, त्यातून खोड. पुढचा खड्डा, पुढचं खोड. ओळच्या ओळ तशीच. तीन महिने दगड जुळवणाऱ्या डोळ्यांना तेवढंच दिसलं नव्हतं. माझी लेक पिता पिता थांबून बघत होती.

"तपशील गौण असतो," फोटोग्राफर म्हणाले. "भावना भिडली पाहिजे."

"उद्या ही वाचायला शिकेल," सासूबाई लेकीच्या जावळावरून हात फिरवत म्हणाल्या. "आजीने टेकडी ओरबाडली, असं वाचायचं का हिने?"

"बरं, तुमचं नाव घालू खाली. बारीक अक्षरात."

"एकटीचं कशाला? सव्वीस जणी होतो."

"सव्वीस? पाटीचा तोल जाईल, आजी."

सासूबाई पदराने काचेवरचे बोटांचे ठसे पुसू लागल्या, जणू चूक त्यांचीच होती. ते मात्र मला बघवेना. लेकीला त्यांच्याकडे दिलं, स्क्रू काढले आणि पाटी कलावंतांच्या हातात ठेवली.

"सव्वीस नावं मावतील एवढी करून आणा. नावं आईंना तोंडपाठ आहेत, लिहून घ्या. तोवर फोटो इथंच राहील, भिंतीकडे तोंड करून."

त्यांनी खिसे चाचपले. दोन कॅमेरे होते, पेन नव्हतं. मी माझं दिलं.