सभासद क्रमांक दोन

ऑपरेटरबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली, आणि स्वतःच्या सख्ख्या बहिणीशी मात्र सहा वर्षं अबोला धरला. भांडण आईच्या आजारपणातलं. "तू पाहुण्यासारखी येतेस आणि सल्ले देऊन जातेस," एवढं एकच वाक्य बाई बोलून गेल्या. धाकटी आल्या पावली परत गेली ती गेलीच. शब्द मागे घ्यायला बाई केव्हाच तयार होत्या, पण पहिला फोन कोणी करायचा, इथे घोडं पेंड खात होतं. हट्टीपणात त्या माहेराचा हात कोणी धरला नसता.

निवृत्तीनंतर बाईंनी घरात बुलेटिन बोर्ड थाटला होता. चाळीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर, त्याला मोडेम, मोडेमला घरचा फोन. कोणीही हौशी माणूस आपल्या तसल्याच जुन्या मशीनवरून नंबर लावायचा, बोर्डावरचे निरोप वाचायचा, आपला लिहायचा आणि जायचा. सभासद सव्वीस, बहुतेक गुडघेदुखीवाले. क्रमांक दोन धाकटीचा. वर्षभर न फिरकणाऱ्याचं नाव कापायचं, हा नियम बाईंनीच केला होता आणि धाकटीपुरता तो त्या सोयीस्कर विसरल्या होत्या.

बाईंचे यजमान टेलर. गल्लीत त्यांना मास्तर म्हणत. ते या कॉम्प्युटरला जावईबापू म्हणत, कारण घरातला हवेशीर कोपरा आणि एकुलता एक धड पंखा त्याच्याच वाट्याला होता.

मशीनची स्वतःची स्मरणशक्ती अगदीच तुटपुंजी. पूर्वी प्रत्येक निरोप फ्लॉपीवर जायचा आणि ड्राइव्ह घरघरत बसायचा. मग बाईंनी मागच्या बाजूला जादा मेमरीची पेटी जोडली. मूळच्या आठपट जागा, आणि निरोप बोट लावताच हजर. वेगाची चटक अशी लागली की बाईंनी निरोप पेटीतच ठेवायला सुरुवात केली. फ्लॉपीवर उतरवायचं ते संध्याकाळी एकदाच. पेटीला वीज मिळायची ती मशीनमधूनच. मशीन बंद केलं की पेटीची पाटी कोरी. हे बाईंना पाठ होतं, पण पंधरा सेकंदांची घरघर वाचते याचं कौतुकच जास्त.

त्या मंगळवारी सकाळी चहाचा कप घेऊन बाई बसल्या तर पडद्यावर नवा निरोप. पाठवणार, सभासद क्रमांक दोन. बाईंनी कप तसाच खाली ठेवला. त्यांनी निरोप उघडला आणि इंग्रजी अक्षरांतलं मराठी एकेक अक्षर करत उमटू लागलं: "ताई, महिन्यापूर्वी मला छातीत गाठ लागली. तुकडा तपासायला दिला होता. काल रिपोर्ट आला. त्यात"

आणि मशीन थिजलं. कर्सर लुकलुकेना, कुठलंही बटण दाबा, ढिम्म.

बाईंनी मास्तरांना हाक मारली. हाकेसरशी मास्तर शिलाई मशीनवरचं काम टाकून आले आणि त्यांनी पडदा वाचला. मग म्हणाले, बंद करून परत चालू कर, मिक्सरचं आपण तेच करतो. त्यांचा हात बटणाकडे गेला तसा बाईंनी तो मनगटाला धरला. निरोप फक्त पेटीत होता. वीज तुटली की धाकटीच्या रिपोर्टात काय होतं ते जगातल्या कुठल्याच फ्लॉपीवर सापडलं नसतं.

फोन करून विचार, असं मास्तरांनी सुचवलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली. सहा वर्षांनी तिने जीव मुठीत धरून लिहिलं, आणि मी विचारू की काय लिहिलंस? तिला वाटेल, मी वाचलंसुद्धा नाही. स्वतःच्या आळसाला त्यांनी मनातल्या मनात लाखोली वाहिली.

एक उपाय होता. ड्राइव्हच्या मागे सहा भोकांचं रिकामं सॉकेट होतं. त्यातली नेमकी दोन भोकं तारेने क्षणभर जोडली की मशीन नव्याने सुरू होई, पण वीज तुटत नसे आणि पेटीतलं जागच्या जागी राही. तार चुकली तर मात्र सगळंच मुसळ केरात. बाईंनी तार उचलली आणि त्यांच्याच लक्षात आलं की या थरथरत्या हातांनी ते जमणार नाही.

"इकडे दे," मास्तर म्हणाले. "पन्नास वर्षं सुईत दोरा ओवतोय."

बाईंनी टॉर्च धरला, भोकं दोनदा मोजून दाखवली. मास्तरांनी श्वास रोखून तार टेकवली. पडदा लखकन उजळला आणि निळा झाला. पेटीवरचा दिवा तसाच जळत होता.

प्रोग्रॅम फ्लॉपीवरून चढायला चार मिनिटं लागली. चढल्यावर त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, मेमरी पुसून सुरुवात करू का? एरवी मशीन सुरू करताना पेटी रिकामीच असायची, त्यामुळे बाई न वाचता "हो" दाबत. बोट सवयीने त्याच बटणावर गेलंही.

"वाचून दाब," मास्तर हळूच म्हणाले.

बाईंनी बोट चटका बसल्यासारखं मागे घेतलं आणि "नाही" दाबलं. निरोपांची यादी आली. सर्वांत वर, सभासद क्रमांक दोन. मास्तर खुर्ची ओढून वाचायला सरसावले, पण बाईंनी आधी फ्लॉपी घातली आणि निरोप उतरवून घेतला. त्या पंधरा सेकंदांत मास्तरांचा जीव अगदी टांगणीला लागला होता. मग बाईंनी निरोप उघडला.

"त्यात काही नाही. साधी गाठ आहे. महिनाभर कोणालाच सांगितलं नव्हतं. रिपोर्ट हातात आल्यावर रडू आलं आणि पहिली तुझीच आठवण झाली. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर बोलता आलं नसतं, म्हणून माळ्यावरचं मशीन खाली काढलं. बरी आहे मी."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पदराने डोळे पुसले, मग चष्मा, मग पुन्हा डोळे. मास्तर जावईबापूंच्या डोक्यावरून हात फिरवत उभे राहिले.

बाईंनी मोडेमची वायर काढून फोनला लावली. भर सकाळी बोर्ड बंद, दहा वर्षांत पहिल्यांदाच. नंबर त्यांना शोधावा लागला नाही. पलीकडे रिंग पुरती वाजलीही नसेल.

"वाचलंस?" धाकटी म्हणाली.

बाईंनी हो म्हटलं आणि सहा वर्षांपूर्वीचं ते वाक्य एका दमात मागे घेतलं. पलीकडे धाकटीने नाक ओढलं. मग तिने विचारलं, "रविवारी येऊ का गं?"

"रविवार कशाला?" बाई म्हणाल्या. "आत्ताच नीघ."